रेमेतचा खुलासा

‘प्रति, सौ. रेमेत बस्त्याव कुटिनो यांस,’ एवढं लिहून मी थांबलो, कारण सौ. रेमेत बस्त्याव कुटिनो माझ्यासमोर बसून कांदा चिरत होती आणि तिने विचारलं, “कुणाला लिहितोस?”

“तुला.”

“मग बोल ना. शाई कशाला घालवतोस?”

“मंडळाचं पत्र आहे. मी सेक्रेटरी आहे.”

“मग लिही,” ती म्हणाली आणि तिने दुसरा कांदा घेतला.

मी लिहिलं. ‘आपल्याविरुद्ध श्री. विल्सन रिबेलो यांची लेखी तक्रार आली आहे. आजाऱ्यांना भेट देण्यास जाताना आपण घरची कामे बरोबर नेता व ती आजाऱ्यांकडून करून घेता, असे त्यांचे म्हणणे आहे. मंडळाची बैठक होईपर्यंत आपण आजाऱ्यांच्या भेटी बंद ठेवाव्यात व रविवारी बैठकीस हजर राहून खुलासा करावा. आपला नम्र, बस्त्याव कुटिनो, सेक्रेटरी.’ मग मी पत्राची घडी केली, पाकिटात घातली, आणि पाकीट कांद्यांच्या बाजूला ठेवलं.

तिने हात पुसले, पाकीट फोडलं, वाचलं.

“‘नम्र’ कशाला लिहिलंस?”

“तशी पद्धत आहे.”

“बरं,” ती म्हणाली.

रेमेत जाऊन आता सहा वर्षं झाली. दफनाच्या मिस्सेत आमच्या धाकट्या मुलीने तिचा जीवनपरिचय वाचला. प्रेमळ पत्नी, आदर्श माता, एकोणतीस वर्षं चर्चच्या सेवा मंडळाची कार्यकर्ती, आजाऱ्यांची आई. सगळं खरं होतं. त्यात हे पत्र नव्हतं. पत्राची नक्कल माझ्याकडे आहे, कारण सेक्रेटरीने नक्कल ठेवायची असते.

आमचं केळभाट हे वसईकडचं गाव. केळीच्या वाड्या, विहिरी, मधोमध चर्च, आणि चर्चच्या मागे एक हॉल. त्या हॉलमध्ये फादर हिलरींच्या अध्यक्षतेखाली गावातल्या अकरा जणांचं धर्मग्राम मंडळ बसे आणि चर्चचा कारभार पाही. सेवा मंडळ त्याच्या हाताखाली. सेवा मंडळात बायका होत्या सात, पण वाडीवाडीतून फिरायची ती रेमेतच. अंथरुणाला खिळलेली माणसं तिच्या पायांना पाठ होती. मिस्सा झाली, पोरं शाळेला गेली, की खांद्याला पिशवी लावून ती निघे.

तक्रारीत लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. आधीच सांगतो.

इतर बायका आजाऱ्याकडे जाताना बिस्किटं नेत. रेमेत काम नेई. पिशवीत निवडायचे तांदूळ असत, सोलायची लसूण असे, उसवलेली उशी असे. तिचा जीव मात्र वालांवर. मोड आलेले वाल सोलायला वेळ लागतो. गरम पाण्यातून काढायचे, दोन बोटांत धरून हलकं दाबायचं, की दाणा सालातून टुणकन बाहेर येतो. बोटं चालली की झालं. पाय नसले तरी चालतं, डोळे नसले तरी चालतं. आजाऱ्यासमोर ताट ठेवून ती म्हणे, “जरा एवढं करून दे गं बाय, मला आज उरकत नाही.” मग घटकाभर तिथे बसे, आणि राहिलेले वाल पुढच्या खेपेला सोललेले घेऊन घरी येई.

त्यामुळे आजाऱ्यांच्या तब्येतीवर आमचा स्वयंपाक ठरत असे. कुणाला ताप चढला तर आमच्याकडे भात आणि सुकट. दोघी-तिघींना एकदम बरं वाटलं तर सकाळ-संध्याकाळ वालाचं बिरडं. त्या वर्षी पावसाळा संपून हवा सुधारली आणि आम्ही अकरा दिवस बिरडं खाल्लं. मोठा मुलगा म्हणाला, “आई, कुणाला तरी थोडं आजारी पडू दे.” तिने त्याला त्या संध्याकाळी अख्खी जपमाळ, पाचही भेद, एकट्याला म्हणायला लावली.

शिवणाचं काम पेद्रूबाकडे. पेद्रूबाचे दोन्ही हात थरथरत. जन्मभर शिंपी होता. माझ्या शर्टांची बटणं तो लावी आणि ती काजांच्या समोर येत नसत. मी दर रविवारी एका बाजूला कललेला असा मिस्सेला जाई. एकदा मी घरात आलो तर रेमेत पात्याने माझ्या चांगल्या शर्टाची बटणं कापत होती.

“हे काय?”

“पेद्रूबाकडे न्यायचाय.”

“बटणं होती की त्याला.”

“आता नाहीत.”

“त्याला तू सांगणार तुटली म्हणून. हे खोटं नाही?”

“तुटलीच आहेत,” ती शर्ट माझ्यापुढे धरून म्हणाली. “कुणी तोडली ते तो विचारत नाही.”

तर असं चाललं होतं. मग विल्सन रिबेलो आला.

विल्सन बोटीवर इंजिनीअर होता. त्याची आई रुझायबाय, वय सत्तरीच्या पुढे, दीड वर्षापूर्वी कंबरेतून गेली आणि अंथरुणाला लागली. घरात एक दूरची भाची होती, ती दोन वेळचं बघे. रेमेत एक दिवसाआड जाई. विल्सन सात नाताळ घरी आला नव्हता. त्या वर्षी रजा मिळाली आणि न कळवता तो नाताळच्या तीन दिवस आधी दारात उभा राहिला, हातात दोन बॅगा आणि एक रेडिओ. आत येऊन बघतो तर आई खाटेवर टेकून बसलेली, मांडीवर परात, आणि गात होती. त्याने परात उचलली. “कुणाचे वाल?” आई म्हणाली, “रेमेतचे.” त्याने शेजारच्यांना विचारलं, त्यांनी बाकीचं सांगितलं. आमच्याकडे कुणाचं काय चाललंय ते शेजाऱ्यांना माहीत नाही, असं होत नाही.

नाताळ उलटल्यावर चौथ्या दिवशी तक्रार आली. अक्षर सुंदर होतं. ‘माझी आई कुणाच्या घरची मोलकरीण नाही,’ हे वाक्य त्याने अधोरेखित केलं होतं.

पत्र वाचून झाल्यावर रेमेतने माझीच दौत ओढली आणि वहीच्या पानावर उत्तर लिहिलं. तेही माझ्याकडे आहे. ‘सेक्रेटरी यांस. पत्र मिळाले. रविवारी येते. तोवर भेटी बंद ठेवते. पण रुझायबायचे वाल भिजलेले आहेत ते आज कुणीतरी नेऊन द्यावेत ही विनंती. रेमेत कुटिनो.’

“हे मी नेऊ शकत नाही,” मी म्हणालो. “त्यावरूनच तर तक्रार आहे.”

“मग आंबतील.”

“आंबू देत.”

“वालांचं नाही म्हणत,” ती म्हणाली. “ती आता भिंतीकडे वळेल, बघ.”

तिचं म्हणणं मला कळलं. गावात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तेवढं मला कळलं. तरी मी पत्राला आवक क्रमांक घातला.

मी सेक्रेटरी कसा झालो ते इथे सांगायला हवं. या तक्रारीच्या सहा वर्षं आधी मी माडावरून पडलो होतो. कंबर गेली. आठ महिने खाटेवर होतो. मग घरच्यांनी संत अंतोनीची नऊ दिवसांची नोव्हेना धरली आणि नवव्या दिवशी मी उठून चाललो. गावभर झालं. त्या वेळच्या फादरांनी मला रविवारच्या मिस्सेत वेदीजवळ उभं केलं आणि मी साक्ष दिली, की नवव्या दिवशी मला शक्ती मिळाली आणि मी खाटेवरून उतरलो. बायका रडल्या. नताल मास्तर, जे शाळेत मला दरवर्षी काठावर पास करत, तेही रडले. पुढच्या निवडणुकीत कुणी माझ्याविरुद्ध उभंच राहिलं नाही. नवसाच्या मेणबत्त्या घेऊन लोक अजूनही आधी माझ्याकडे डोकावत आणि मग चर्चमध्ये जात.

मधल्या दिवसांत विल्सनने आईसाठी पगारी बाई ठेवली. ती बाई रुझायबायला भरवी, पुसे, कूस बदलून देई. विल्सन वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, “अंकल, आता आईला पाण्याचा पेलासुद्धा हातात धरावा लागत नाही.”

“कशी आहे ती?”

“आराम आहे. फार बोलत नाही. झोपून असते.”

“कुठल्या कुशीवर?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “भिंतीकडच्या. का?”

“काही नाही,” मी म्हणालो.

घरी येऊन मी रेमेतला सांगितलं. ती जपमाळ घेऊन घरातल्या आल्तारासमोर, क्रुसापुढे, गुडघ्यांवर बसली, आणि नेहमीपेक्षा बराच वेळ बसली. शेवटी भात करपला, तो मी उतरवला.

रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर बैठक भरली. हॉलमध्ये अकरा जण, विल्सन, आणि मधल्या खुर्चीत रेमेत. रविवारची तिची निळी साडी. घरात ती मला अरेतुरे करी, चारचौघांत तुम्ही म्हणे, आणि मंडळात सेक्रेटरी.

फादर हिलरी नवे होते, तरुण होते, आणि कुणाच्याही बाजूने नसल्यासारखं दिसण्याचा त्यांचा मनापासून प्रयत्न असे. त्यांनी प्रार्थना म्हटली. मग मी तक्रार वाचली. अधोरेखित वाक्य मी जरा मोठ्याने वाचावं, असं विल्सनचं म्हणणं पडलं. मी वाचलं.

“रेमेतबाई,” नताल मास्तर म्हणाले, “साधा प्रश्न. तुम्ही आजाऱ्यांकडून घरची कामं करून घेता?”

“घेते.”

“ते वाल तुमच्या घरी शिजतात?”

“हो.”

“सेक्रेटरी खातात?”

“खातात.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतिवृत्तात लिहिलं, ‘सेक्रेटरी खातात.’

“का घेता, पण?”

“मला एकटीला होत नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

फादर म्हणाले, “बाई, दुसरं काही कारण असेल तर सांगा. आम्ही ऐकायलाच बसलोय.”

“दुसरं काही नाही, फादर. माझी कामं जास्त आहेत. मी विल्सनला एक विचारू?”

“विचारा.”

ती त्याच्याकडे वळली. “तू आलास तेव्हा तुझी आई गात होती ना?”

“होती.”

“काय गात होती?”

विल्सन जरा घोटाळला. “लक्ष नाही दिलं, आंटी. मी आधी परात उचलली.”

“ती रोज तेच गायची,” रेमेत म्हणाली, आणि सूर न लावता, बाजारभाव सांगावा तसं तिने सांगितलं:

“वाल सोलिते सोलिते, साल साचते ताटात,
लेक माझा बोटीवर, सण कुणाच्या घरात.”

विल्सनने मनगटावरचं घड्याळ काढलं, पुसलं, परत बांधलं.

“ते ठीक आहे,” नताल मास्तर म्हणाले. “गाणं चांगलं आहे. पण मुद्दा तत्त्वाचा आहे. उद्या सगळ्याच कार्यकर्त्या धुणं घेऊन जातील. चर्चच्या नावावर आजाऱ्यांना राबवणं बसत नाही. माझी सूचना आहे की रेमेतबाईंचं नाव सेवा मंडळातून कमी करावं.”

“अनुमोदन,” कुणीतरी म्हणालं. मला वाटतं त्याला घरी जायचं होतं.

फादरांनी रेमेतकडे पाहिलं. “तुम्हाला काही म्हणायचंय?”

“नाही.”

“मग मत घेऊ.”

तेव्हा मी पेन खाली ठेवलं. रेमेतने लगेच माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, अगदी थोडी, पोरांना परक्या घरी दुसरा लाडू घेऊ नको म्हणून हलवायची तशी. मला वाटलं ती स्वतःची स्तुती नको म्हणतेय. तिचा स्वभाव तसाच होता. मी उभा राहिलो.

“फादर, मी सेक्रेटरी म्हणून नाही, आजारी म्हणून बोलतो.”

“तुम्ही आजारी आहात?”

“होतो. सगळ्यांना माहीत आहे. आठ महिने पडून होतो. जे माहीत नाही ते असं, की तिसऱ्या महिन्यातच डॉक्टर म्हणाले होते, हाड जुळलंय, याला उठवा. मी उठलो नाही. पाच महिने मी भिंतीकडे तोंड करून होतो. दुखत नव्हतं. उठून करायचं काय, ते सुचत नव्हतं. वाडी रेमेत बघत होती, पोरं तीच बघत होती, मला भरवतही तीच होती. माझ्यावाचून काही अडलेलं नव्हतं.”

मी रेमेतकडे बघायचं टाळलं.

“मग तिने खाटेवर वाल आणून ठेवायला सुरुवात केली. ‘मला उरकत नाही, एवढे सोल.’ मी ताट ढकललं. दुसऱ्या दिवशी परत. पोरं खाली सांडलेले वेचायची. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा सोलले. मग रोज सोलायला लागलो. आणि एक दिवस सोललेले वाल तसेच पडून राहिले, ती कुठे शेजारी गेली ती येईना, आंबायला लागले असते. म्हणून मी उठलो आणि ते स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. एवढंच झालं. मी इथे वेदीजवळ जे सांगितलं ते सगळं नव्हतं.”

“म्हणजे,” नताल मास्तर सावकाश म्हणाले, “चमत्कार नव्हता?”

“वाल होते.”

“मी रडलो होतो,” मास्तर म्हणाले.

“मी बघितलं होतं, मास्तर. त्यामुळेच नंतर सांगायला धीर झाला नाही.”

मी फादरांकडे वळलो. “ती सगळ्यांना जे देते ते आधी मला दिलंय. तिचं नाव काढायचं तर माझंही काढा. खोटी साक्ष दिलेला माणूस सेक्रेटरी ठेवू नये.”

फादर हिलरींनी चष्मा काढला. “एक सांगा, बस्त्याव. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात तो नोव्हेनाचा नववा दिवस होता की नव्हता?”

“होता.”

“नोव्हेना कोण म्हणत होतं?”

“रेमेत. पोरांना घेऊन.”

“मग संत अंतोनीने कुणाच्या हातून काय करावं, ते मंडळाने ठरवायचं नाही,” ते म्हणाले. “मास्तर, सूचना?”

मास्तरांनी रुमालाने नाक पुसलं. “मागे घेतो.”

विल्सन उभा राहिला. तक्रारीचा कागद मागितला. मी म्हणालो, कागद दप्तरी दाखल झालाय, परत देता येत नाही. तो म्हणाला, मग त्याच्याखाली लिहून घ्या, की तक्रारदाराचं समाधान झालं. मी लिहून घेतलं. तो रेमेतजवळ जाऊन म्हणाला, “आंटी, आज संध्याकाळी याल? ती माझ्याशीसुद्धा बोलत नाही.”

“येते,” रेमेत म्हणाली.

मी पुष्कळ खूश होतो. हॉलबाहेर दोघा-तिघांनी माझा हात हातात घेतला. घरी जाताना मी रेमेतच्या बरोबरीने चालत होतो आणि ती काहीतरी बोलेल याची वाट बघत होतो. आमची वाडी दिसायला लागली तेव्हा ती बोलली.

“मी तुला नको म्हटलं होतं.”

“तुझं नाव काढत होते.”

“काढू दे. नाव काढलं तरी पाय होते माझे. मी शेजारीण म्हणून गेले असते.” तिने पदर खांद्यावरून पुढे ओढला. “आता उद्यापर्यंत गावभर होईल. वाल म्हणजे औषध आहे, हे कळलं की कोण सोलेल? पेद्रूबाला कळेल की बटणं मी कापते. त्याला वाटत होतं, त्याच्यावाचून तू उघडा फिरशील.”

बटणांचा उल्लेख मी केला नव्हता, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

“मी खुलासा दिला नाही तो काही मोठेपणासाठी नाही,” ती म्हणाली. “खुलासा दिला की काम संपतं.”

संध्याकाळी ती रुझायबायकडे निघाली तेव्हा मीही निघालो. नुकसान मी केलं होतं, ते बघायला हवं होतं. तिने भिजलेले वाल पिशवीत घातले, बाहेर काढले, परत घातले.

विल्सनने दार उघडलं. पगारी बाई ओट्याशी बसली होती. रुझायबाय भिंतीकडे तोंड करून पडली होती, पांढरे केस नीट विंचरलेले, उशी स्वच्छ, सगळं इतकं टापटीप की मला माझी खाट आठवली.

“रुझायबाय, मी आलेय,” रेमेत म्हणाली.

म्हातारी हलली नाही. मग भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणाली, “विल्सन सांगत होता. मिटिंग झाली म्हणे.”

“झाली.”

“तुझा नवरा बोलला म्हणे. वाल देऊन तू आम्हाला बरं करतेस.”

रेमेत उभीच होती. पिशवी दोन्ही हातांत धरलेली. आपल्या बायकोला काय करावं ते कळत नाहीये, असं मी लग्नानंतर तेवढ्या एकदाच पाहिलं.

“ते त्यांचं बोलणं,” ती म्हणाली. “मला खरंच उरकत नाही.”

“पोरी,” रुझायबाय म्हणाली, आणि विल्सनला खूण केली. त्याने तिला आमच्याकडे वळवलं, पाठीला उशी लावली. तिने रेमेतला नीट निरखून पाहिलं. “तुझ्या घरात माणसं पाच. वाल आणतेस पायलीभर. मी जन्मभर लग्नाच्या पंगतींचं रांधलं. पाच माणसांना किती लागतात ते मला कळत नाही, असं वाटलं तुला?”

रेमेतने पिशवी खाटेच्या कडेला टेकवली.

“पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.”

“मग सोललेस कशाला?”

“तू दमलेली असायचीस,” रुझायबाय म्हणाली. “अख्खा गाव पायाखाली घालून यायचीस. इथे टेकलीस की घटकाभर तरी बसायचीस. मी सोलायची थांबले असते तर तू लगेच उठून पुढच्या घरी पळाली असतीस. म्हटलं, सोलू या. तेवढीच पोरीला विश्रांती. पेद्रूचंही तेच. भाचीकडे निरोप पाठवला होता त्याने, की बटणं नीट लावता येतात, पण नीट लावली तर रेमेत शर्ट आणायची बंद होईल.”

मी माझ्या शर्टाकडे पाहिलं. तो कललेला होता.

“आठ दिवस आली नाहीस,” म्हातारी म्हणाली. “मला वाटलं, आता माझ्याकडे कुणी दमून यायचं नाही. ही बाई भरवते, पण ती दमत नाही. हिला पगार आहे.” आणि विल्सनकडे वळून, “परात आण. नुसता उभा राहू नकोस, तूही बस. तुझी बोटं यंत्रं चालवून राठ झालीत, दाणे मोडशील. सावकाश कर.”

विल्सनने परात आणली आणि तो बसला. त्याने पहिले पाच-सहा दाणे मोडले. रुझायबायने ते बाजूला काढून ठेवले आणि म्हणाली, हे सेक्रेटरीला.

अंधार पडायच्या आत आम्ही निघालो. वाडीच्या पायवाटेवर केळीची पानं दोन्ही बाजूंनी अंगाला लागत होती. रेमेत पुढे, मी मागे. मग न वळता म्हणाली, “आणि तू?”

“मी काय?”

“तुला ठाऊक होतं? तू आधी ताट ढकलायचास. मग एक दिवस सोलायला लागलास. का, ते तू हॉलमध्ये सांगितलं नाहीस.”

ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला तर नाहीच.

“तू माझ्या खाटेशी खाली बसली होतीस,” मी म्हणालो. “दिवसभर वाडीत शिंपण केलं होतंस. परात मांडीवर घेऊन सोलत होतीस, आणि तुझा डोळा लागला. बोटं वालातच राहिली. नखांपाशी सगळी चिरलेली होती. मी भिंतीकडे वळलेलो होतो, पण आवाज थांबला म्हणून मी मान फिरवली. परात घसरत होती. ती पडली असती तर तू जागी झाली असतीस. म्हणून मी हात लांब करून ती वर ओढून घेतली. आणि आता घेतलीच आहे तर सोलले. बरं व्हायला नाही. तू जरा झोपावंस म्हणून.”

रेमेत थांबली. पहिल्यांदाच मागे वळली. तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, केळीच्या पानाची सावली त्यावर हलत होती.

“मी झोपले नव्हते,” ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.